फ्रिक्वेन्सीच्या आधी व्होल्टेज: लहान बोर्डांवर फ्रिक्वेन्सी स्केलिंग शिकताना

इलेक्ट्रॉनिक्सची पदवी घेऊन मी जून २०१८ मध्ये महापे येथील एका लहान कंपनीत रुजू झाले. ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकलने घणसोली आणि तिथून शेअर रिक्षाने औद्योगिक वसाहत, असा रोजचा प्रवास होता. कंपनी शीतगृहांसाठी तापमान नोंदवणारी यंत्रे बनवत असे. यंत्रात टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा एएम३३५८ हा कॉर्टेक्स-ए८ प्रोसेसर होता, त्यावर लिनक्स चालत असे आणि वीज गेली की सगळा भार एका लिथियम बॅटरीवर येत असे. मला मिळालेले पहिले स्वतंत्र काम असे होते: प्रोसेसर दिवसभर एकाच वेगाने चालतो, तो काम नसताना मंद व्हावा आणि काम आले की पुन्हा वेग घ्यावा.

ठाणे आणि ऐरोलीच्या महाविद्यालयांतून प्रकल्पासाठी आमच्याकडे येणारी मुले या विषयात पहिला प्रश्न नेहमी गव्हर्नरचा, म्हणजे वेग कधी वाढवायचा-कमी करायचा हे ठरवणाऱ्या लिनक्सच्या भागाचा, विचारतात: ऑनडिमांड घ्यावा की शेड्युटिल? मीही तिथूनच सुरुवात केली होती, आणि त्यात माझे जवळजवळ दोन महिने गेले. म्हणून हा अनुभव मी उलट्या टोकाने, म्हणजे वीजपुरवठ्यापासून सांगते.

प्रोसेसरमधील ट्रान्झिस्टर चालू-बंद होताना जी वीज खर्च होते, ती फ्रिक्वेन्सीच्या प्रमाणात वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. हे वाक्य पाठ्यपुस्तकात असते आणि परीक्षेनंतर विसरले जाते. पण आकडे घालून पाहिले की त्याचे वजन कळते. एएम३३५८ च्या एक गिगाहर्ट्झ प्रकारासाठी उत्पादकाने ठरवलेल्या जोड्या अशा आहेत: ३०० मेगाहर्ट्झला ०.९५ व्होल्ट, ६०० ला १.१, ७२० ला १.२, ८०० ला १.२६ आणि १००० मेगाहर्ट्झला १.३२५ व्होल्ट. १००० वरून ३०० वर येताना केवळ फ्रिक्वेन्सी कमी केली, तर या खर्चाचा वेग ३० टक्क्यांवर येतो. परंतु तेच काम पूर्ण व्हायला सुमारे सव्वातीनपट वेळ लागत असल्यामुळे त्या कामापुरती बॅटरीतून जाणारी एकूण ऊर्जा जवळपास तेवढीच राहते. व्होल्टेजही ०.९५ वर आणले, तर खर्चाचा वेग साधारण १५ टक्क्यांवर येतो आणि त्याच कामाची ऊर्जा जवळजवळ निम्मी होते. म्हणजे खरी बचत व्होल्टेजमधून येते आणि फ्रिक्वेन्सी कमी करणे ही ते व्होल्टेज कमी करण्याची परवानगी असते. मला हे नीट समजले तेव्हा या कामाकडे पाहण्याची माझी दृष्टीच बदलली.

लिनक्समध्ये प्रोसेसरच्या सिस फोल्डरखाली ‘सीपीयूफ्रेक’ नावाचा फोल्डर दिसला की ही यंत्रणा जागी आहे असे समजायचे. आमच्या बोर्डावर तो फोल्डरच नव्हता. नवशिक्याने इथे गडबडून जाऊ नये, कारण याची कारणे मोजकीच असतात. एक तर कर्नल, म्हणजे लिनक्सचा मूळ भाग, बांधताना ती सोय निवडलेली नसते; दुसरे म्हणजे डिव्हाइस ट्रीमध्ये (बोर्डावर काय काय आहे आणि ते कसे जोडले आहे हे कर्नलला सांगणाऱ्या वर्णनात) फ्रिक्वेन्सी-व्होल्टेज जोड्यांचा तक्ता, ज्याला ओपीपी टेबल म्हणतात, तो नसतो किंवा सीपीयूच्या नोडला जोडलेला नसतो; तिसरे म्हणजे ज्या क्लॉकवर (ठोके देणारा भाग) किंवा रेग्युलेटरवर (व्होल्टेज पुरवणारा भाग) ड्रायव्हर अवलंबून आहे, ते कधी तयारच होत नाहीत आणि ड्रायव्हर बूटभर वाट पाहत राहतो. आमच्याकडे पहिले कारण होते, तेही जरा आडवळणाचे. या प्रोसेसरच्या प्रत्येक चिपमध्ये ती कोणत्या वेगापर्यंत चालू शकते याची नोंद फ्यूजमध्ये कायमची कोरलेली असते, आणि ती नोंद वाचून तक्त्यातील योग्य ओळी निवडण्यासाठी टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा वेगळा छोटा ड्रायव्हर असतो. डिव्हाइस ट्रीवर चालणारा सर्वसाधारण ड्रायव्हर मी निवडला होता, पण हा छोटा ड्रायव्हर निवडलेला नव्हता. तो निवडून कर्नल पुन्हा बांधला आणि फोल्डर दिसू लागला.

त्या संध्याकाळी मी फार आनंदात घरी गेले. फाईलमध्ये आकडा (किलोहर्ट्झमध्ये) ३००००० ते १०००००० असा बदलत होता, भार टाकला की वर जात होता, काढला की खाली येत होता. गटप्रमुखांना मी काम झाल्याचे कळवले. पुढच्या आठवड्यात चाचणीसाठी ठेवलेल्या दहा बोर्डांपैकी तीन हँग होऊ लागले. कधी तीन तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी. कर्नलचा शेवटचा संदेश दर वेळी वेगळा. मेमरी खराब असावी असे वाटून मी चार दिवस मेमरीच्या चाचण्या चालवल्या आणि त्यात काहीही सापडले नाही.

गटप्रमुख सर माझ्या टेबलाशी आले आणि त्यांनी एकच प्रश्न विचारला, “व्होल्टेज मोजलंस का?”

“सर, आकडे फाईलमध्ये बरोबर येत आहेत.”

“फाईल कर्नल लिहितो. मी बोर्डावरचं व्होल्टेज विचारतोय. सर्किटचा नकाशा काढ आणि प्रोसेसरच्या गाभ्याचा पुरवठा कुठून येतो ते मला दाखव.”

नकाशात तो पुरवठा टीपीएस६५२१७ या पॉवर चिपच्या दुसऱ्या डीसी-डीसी कन्व्हर्टरमधून, म्हणजे त्या चिपमधील एका रेग्युलेटरमधून, येत होता. त्याच्या कॅपॅसिटरवर मल्टिमीटर लावला, फ्रिक्वेन्सी हाताने ३०० वर नेली, मग १००० वर नेली. मीटर दोन्ही वेळा १.१ व्होल्ट दाखवत राहिला. पॉवर चिप चालू होताना जे व्होल्टेज देते, त्यावरच ती कायम होती. ६०० मेगाहर्ट्झला पुरणाऱ्या व्होल्टेजवर आम्ही प्रोसेसर १००० ने पळवत होतो. व्होल्टेज कमी असले की ट्रान्झिस्टरना स्थिती बदलायला जास्त वेळ लागतो, आणि सर्वांत लांब मार्गावरचा संदेश पुढच्या ठोक्यापर्यंत पोहोचत नाही. मग एखादा बिट चुकीचा वाचला जातो आणि त्यातून काय बिघडेल याला नियम नसतो. सगळ्या चिप हुबेहूब सारख्या नसतात, म्हणून दहातले सात बोर्ड निभावून नेत होते.

चूक एका ओळीची होती. डिव्हाइस ट्रीमध्ये सीपीयूच्या नोडखाली ‘सीपीयू-सप्लाय’ ही ओळ लिहून तिथे त्या रेग्युलेटरचा संदर्भ द्यावा लागतो. आमच्या फाईलमध्ये ती ओळ नव्हती. अशा वेळी कर्नल असे मानतो की या बोर्डावर व्होल्टेज बदलण्याची सोयच नाही, आणि तो फक्त क्लॉक बदलत राहतो. काही बोर्डांवर हे खरोखरच योग्य असते, कारण तिथे व्होल्टेज सर्वांत वरच्या फ्रिक्वेन्सीला पुरेल इतके स्थिर ठेवलेले असते. म्हणून कर्नल याला चूक म्हणत नाही. सप्लाय जोडल्यावर क्रमही आपोआप सांभाळला जातो: वेग वाढवताना आधी व्होल्टेज चढते आणि मग क्लॉक, वेग कमी करताना आधी क्लॉक उतरते आणि मग व्होल्टेज.

ओळ घातल्यावर मीटर ०.९५ दाखवू लागला, पण आता यादीतून १००० मेगाहर्ट्झच नाहीसे झाले होते. रेग्युलेटरच्या नोडमध्ये कमाल मर्यादा १.३ व्होल्ट लिहिलेली होती आणि वरच्या जोडीला १.३२५ लागत होते. रेग्युलेटर देऊ शकत नाही ती जोडी कर्नल वगळतो आणि बूटच्या संदेशांत तसा इशारा लिहितो. तो इशारा मला दिसला होता. आकडे मायक्रोव्होल्टमध्ये असल्यामुळे मी तो न वाचता पुढे गेले होते. बूटचे संदेश पहिल्यापासून शेवटपर्यंत, एकेक ओळ समजून वाचण्याची सवय नव्या मंडळींनी पहिल्याच महिन्यात लावून घ्यावी, असे मी आग्रहाने सांगेन.

मोजण्याबद्दल थोडे विस्ताराने सांगायला हवे. सीपीयूफ्रेक फोल्डरमध्ये ‘स्केलिंग-कर-फ्रेक’ आणि ‘सीपीयूइन्फो-कर-फ्रेक’ अशा दोन फाईली असतात. बहुतेक लहान बोर्डांवर पहिली फाईल कर्नलने शेवटी मागितलेली फ्रिक्वेन्सी सांगते. दुसरी ड्रायव्हरला विचारून उत्तर देते, पण आमच्यासारख्या बोर्डावर तो ड्रायव्हरही कर्नलच्या क्लॉकच्या हिशेबातूनच आकडा देतो. म्हणून तिसरा साक्षीदार हवा. मी युजरस्पेस गव्हर्नर लावून एकेक फ्रिक्वेन्सी स्थिर ठेवते आणि कॅशमध्ये मावणारे, मेमरीवर फारसे न विसंबणारे एक ठरावीक गणित चालवून लागलेला वेळ मोजते. वेळ आणि फ्रिक्वेन्सी यांचा गुणाकार सर्व ओळींत जवळपास सारखा आला पाहिजे. मोठ्या फाईली हलवणारी चाचणी इथे उपयोगाची नाही, कारण मेमरीचा वेग गाभ्याबरोबर बदलत नाही आणि गुणाकार विनाकारण बिघडलेला दिसतो. त्याच वेळी मीटरने व्होल्टेज आणि बॅटरीच्या तारेत विद्युतप्रवाह टिपते. संपूर्ण बोर्डाचा प्रवाह वरच्या १५ टक्क्यांच्या हिशेबाइतका कधीच खाली येत नाही, कारण मेमरी, इथरनेट आणि मोडेम आपापला वाटा घेतच असतात; हे वरिष्ठांना आधीच सांगून ठेवलेले बरे.

आता गव्हर्नर. परफॉर्मन्स वरची मर्यादा धरतो, पॉवरसेव्ह खालची. ऑनडिमांड २००४ साली २.६.९ या कर्नलमध्ये आला. तो ठरावीक काळाने प्रोसेसर किती व्यग्र होता हे पाहतो आणि उंबरठा ओलांडला की थेट वर नेतो. शेड्युटिल २०१६ साली ४.७ मध्ये आला आणि कोणते काम कधी चालवायचे हे ठरवणाऱ्या शेड्युलरकडेच असलेला भाराचा अंदाज वापरतो. आमचे यंत्र दर मिनिटाला संवेदकांची आकडेवारी वाचते आणि लगेच शांत होते. तिथे दोन्हींत मला मोजता येईल असा फरक आढळला नाही, म्हणून शेड्युटिल ठेवला.

घरी रास्पबेरी पाय या लहान संगणक-बोर्डावर शिकणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. तिथे फ्रिक्वेन्सी आणि व्होल्टेज यांचा शेवटचा निर्णय बोर्डाचे फर्मवेअर (चिपवर लिनक्सच्या खाली चालणारा उत्पादकाचा प्रोग्राम) घेते, लिनक्स फक्त विनंती करते. पुरवठा ४.६३ व्होल्टच्या खाली गेला किंवा तापमान ८० अंशांवर पोहोचले, की फर्मवेअर स्वतः वेग आवरते. मे महिन्यात बंद खोलीत, साध्या मोबाइल चार्जरवर प्रयोग केल्यास ही दोन्ही कारणे एकत्र येऊ शकतात. म्हणून फर्मवेअरला विचारणाऱ्या आज्ञेतून ‘थ्रॉटल्ड’ची, म्हणजे वेग आवरल्याची, नोंद शून्य आहे ना, हे प्रत्येक मोजणीआधी पाहावे. पाय ३ वर आणखी एक अडचण येते: जीपीआयओ पिनांवरील सिरियल पोर्ट सहसा मिनी-यूएआरटी या साध्या सिरियल सर्किटवर असतो, त्याचा बॉड रेट (अक्षरे पाठवण्याचा वेग) व्हिडिओ प्रोसेसरच्या गाभ्याच्या क्लॉकवरून निघतो आणि ते क्लॉक हलले की पडद्यावर अक्षरांऐवजी कचरा येतो. केबल बदलत बसण्याआधी ते क्लॉक स्थिर करून पाहावे.

या क्षेत्रात नोकरी शोधणाऱ्यांनी सर्किटचा नकाशा वाचायला, डिव्हाइस ट्री समजून घ्यायला आणि मल्टिमीटर योग्य जागी लावायला शिकावे. सी भाषा बहुतेकांना येतच असते, अडते ते या तिघांपाशी. कर्नलसोबत येणारी ओपीपी आणि रेग्युलेटरची कागदपत्रे छोटी आहेत आणि दोन शनिवार-रविवारांत वाचून होतात. मी स्वतः ती काम अडल्यावर वाचली.

गेली काही वर्षे मुलाखती मी घेते. उमेदवारासमोर चालू बोर्ड ठेवते, त्यावर फ्रिक्वेन्सी व्यवस्थित खाली-वर होताना दिसते, आणि तासाभराची मुदत देऊन विचारते की यात सर्व ठीक आहे का. डिव्हाइस ट्रीमधून सप्लायची ती ओळ मी आधीच काढून ठेवलेली असते. सर्किटचा नकाशा आणि मल्टिमीटर शेजारीच टेबलावर असतात.