डेबियन अपग्रेडनंतर पायथनची मॉड्यूल्स सापडेनाशी झाली तर काय करावं

सगळ्यात आधी: जुनं व्हेन्वचं फोल्डर, म्हणजे एका प्रोजेक्टची पायथन पॅकेजेस जिथे वेगळी ठेवलेली असतात ते, उडवू नका. बाकी काहीही चुकलं तरी सुधारता येतं, हे चुकलं तर नाही.

अपग्रेड नीट पार पडतं, मशीन रीस्टार्ट होतं, आणि काल रात्रीपर्यंत चालणारा प्रोग्राम ‘नो मॉड्यूल नेम्ड जँगो’ म्हणून बंद पडतो. शोधलं की पहिलं उत्तर मिळतं: व्हेन्व डिलीट करा, नवा बनवा, रिक्वायरमेंट्सची फाइल (लागणाऱ्या पॅकेजेसची यादी) चालवा. ती फाइल अद्ययावत असेल तर हे बरोबर आहे आणि तुम्हाला पुढचं वाचायची गरज नाही. पण एकट्यादुकट्याने सांभाळलेल्या प्रोजेक्टांत ती फाइल एक तर नसते, नाहीतर दोन वर्षं जुनी असते. मी हेच उत्तर ऐकून एका वाचनालयाच्या ग्रंथसूचीचा व्हेन्व उडवला होता. मग तीन रात्री कोडमधल्या इम्पोर्टच्या ओळी वाचून यादी जुळवत बसलो. ते काम दिसतं तितकं सरळ नाही, कारण इम्पोर्टचं नाव आणि पॅकेजचं नाव पुष्कळदा वेगळं असतं. ‘यॅमल’ इम्पोर्ट करायचं तर पॅकेज पायवायएएमएल, ‘पीआयएल’साठी पिलो, ‘सीव्ही२’साठी ओपनसीव्ही-पायथन, ‘बीएस४’साठी ब्युटिफुलसूप४. शिवाय कोणतं व्हर्जन चालत होतं ते तर कोडमध्ये कुठेच लिहिलेलं नसतं.

आता नेमकं काय बिघडतं ते समजून घ्या. डेबियन ११ मध्ये पायथन ३.९ होतं, जून २०२३ मध्ये आलेल्या १२ मध्ये ३.११ आणि ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या १३ मध्ये ३.१३. व्हेन्वमधलं ‘पायथन’ ही खरी फाइल नसते, तो सिस्टीमच्या पायथन३ कडे बोट दाखवणारा सिमलिंक असतो. ११ वरून १२ वर गेलात की त्या बोटाच्या टोकाला ३.११ येतं. ते मॉड्यूल्स शोधतं व्हेन्वच्या लिब फोल्डरात, ‘पायथन३.११’ नावाच्या घरात, आणि ते घरच बांधलेलं नसतं. तुमचं सगळं सामान शेजारी ‘पायथन३.९’मध्ये जसंच्या तसं पडलेलं असतं. पॅकेजेस आणणारं पिपसुद्धा तिथेच राहिलेलं असल्यामुळे व्हेन्वमधलं पिपही चालत नाही.

हे कळलं की तीन चुकीचे उपाय आपोआप बाद होतात, तरी एकेक सांगतो, कारण तिन्ही अजून सुचवले जातात.

३.९ च्या फोल्डरचं नाव बदलून ३.११ करणं. निव्वळ पायथनमध्ये लिहिलेली पॅकेजेस याने चालू होतात, म्हणून हा उपाय जास्त घातक. जँगो उठतं, तुम्ही निश्चिंत होता, आणि नमपाय किंवा सायकोपीजी२ ला हात लागताच सगळं कोसळतं. सी मध्ये कंपाइल केलेल्या फाइलींच्या नावातच ‘सीपायथन-३९’ असतं आणि ३.११ त्यांना ओळखत नाही.

सिस्टीमच्या पायथन३ ची लिंक ओढून जुन्या व्हर्जनकडे वळवणं. असं कधीही करू नका. डेबियन आणि उबुंटूची स्वतःची कित्येक साधनं त्याच पायथनवर चालतात. लिंक हलवली की ‘एपीटी_पीकेजी’ सापडत नाही म्हणून एप्टशी (डेबियनच्या स्वतःच्या इन्स्टॉलरशी) बांधलेल्या स्क्रिप्ट मोडतात. उबुंटूच्या डेस्कटॉपवर तर टर्मिनलच उघडेनासं होऊ शकतं, म्हणजे चूक दुरुस्त करायला नेहमीचं दारही उरत नाही.

डेबियन १२ पासून सिस्टीमच्या पिपने काही टाकायला गेलं की ‘एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट’ असा एरर येतो. त्यावर ‘ब्रेक सिस्टीम पॅकेजेस’ हा पर्याय सुचवला जातो. त्या पर्यायाचं नाव वाचा. ते नाव खरं आहे.

आता काम. कमांडची नावं मी इथे उच्चाराप्रमाणे लिहितो आहे.

जुन्या व्हेन्वच्या फोल्डरचं नाव बदलून शेवटी ‘जुना’ लावा. मग एप्टने पायथन३-व्हेन्व, पायथन३-डेव्ह आणि बिल्ड-इसेन्शियल टाका आणि नवा व्हेन्व अगदी जुन्याच जागी, जुन्याच नावाने बनवा. दुसरीकडे बनवून नंतर हलवू नका. आतल्या प्रत्येक स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत पूर्ण पत्ता कोरलेला असतो, आणि प्रोग्राम आपोआप चालवणाऱ्या सिस्टमडीच्या सर्व्हिसमध्ये नि क्रॉनमध्येही तोच पत्ता असतो.

पुढची पायरी खरी. इथे घाई करू नका.

लोक यादीसाठी टर्मिनलची हिस्ट्री खणतात, जुने ईमेल शोधतात. काखेत कळसा आणि गावाला वळसा! यादी ‘पायथन३.९’च्या आतल्या जुन्या साइट-पॅकेजेस फोल्डरातच आहे. जवळपास प्रत्येक पॅकेजबरोबर ‘डिस्ट-इन्फो’ने संपणारं एक फोल्डर असतं, त्याच्या नावातच पॅकेज आणि व्हर्जन दिलेलं असतं. ती फोल्डरं म्हणजे साधा मजकूर. तो वाचायला ३.९ जिवंत असावं लागत नाही. म्हणून नव्या व्हेन्वमधलं पिप घ्या, ‘पिप फ्रीझ’ चालवा आणि ‘पाथ’ या पर्यायापुढे जुन्या साइट-पॅकेजेसचा पूर्ण पत्ता द्या. पूर्ण यादी व्हर्जनसकट समोर येते. ती एका फाइलीत जपून ठेवा. त्यात ‘पीकेजी-रिसोर्सेस ०.०.०’ अशी ओळ दिसली तर काढून टाका. डेबियन-उबुंटूच्या जुन्या व्हेन्वमध्ये ती एका बगमुळे येते, त्या व्हर्जनचं पॅकेज कुठेही नाही आणि ती राहिली तर पुढचं इन्स्टॉल तिथेच अडतं.

पण ही यादी जशीच्या तशी नव्या व्हेन्वमध्ये ओतू नका. मी पहिल्यांदा तेच केलं होतं. यादीत साठ नावं असली तर त्यातली तुम्ही स्वतः मागितलेली सात-आठच असतात, बाकीची त्यांच्या पाठोपाठ आलेली. साठही नावं जुन्या व्हर्जनला खिळून ठेवली की पिपला हलायला जागाच राहत नाही. नमपाय १.१९ मागाल तर ३.११ साठी त्याचं व्हील, म्हणजे आधीच कंपाइल केलेलं पॅकेज, नाहीच (ते १.२३.२ पासून मिळतं), मग पिप सोर्सवरून कंपाइल करायला घेतं आणि दहा मिनिटांनी लाल मजकुराचा डोंगर समोर येतो.

म्हणून तुम्ही मागितलेली नावं वेगळी करा. डिस्ट-इन्फोच्या ज्या फोल्डरांत ‘रिक्वेस्टेड’ नावाची फाइल आहे, ती पॅकेजेस तुम्ही नाव घेऊन मागवलेली. पिप २०.२ पासून ही खूण ठेवली जाते आणि डेबियन ११ मधलं पिप २०.३.४ होतं, त्यामुळे तिथे ती सापडेल. उबुंटू २०.०४ च्या पिपमध्ये ती सोय नव्हती. तिथे ‘पिप लिस्ट’ला ‘नॉट रिक्वायर्ड’ आणि पुन्हा तोच ‘पाथ’ द्या. दुसऱ्या कुणालाच न लागणारी पॅकेजेस दिसतात, तीही बहुतेक तुमचीच. मात्र जे तुम्ही मागवलं आणि दुसऱ्या पॅकेजलाही लागतं, ते या दुसऱ्या पद्धतीत सुटतं. पूर्ण यादीवरून एकदा डोळा फिरवा.

आता या छोट्या यादीतल्या प्रत्येक नावाला व्हर्जनची हद्द घाला. काहीच हद्द न घालणं हेही तितकंच चूक, कारण पिप सरळ सगळ्यात नवं आणतं. २०२४ साली नमपाय २.० आलं तेव्हा जुन्या नमपायवर कंपाइल झालेलं बरंच काही मोडलं. मी नमपायला ‘२ पेक्षा कमी’ एवढीच अट घालतो आणि पुढे जातो. जँगो ३.२ ला पायथन ३.१० पर्यंतच अधिकृत आधार आहे, ३.११ हवं तर किमान ४.१ वर जावं लागेल. तो बदल टाळता येत नाही, तेव्हा त्याच्या रिलीज नोट्स शांतपणे वाचा.

पहिलं इन्स्टॉल ‘ओन्ली बायनरी’ला ‘ऑल’ देऊनच चालवा. पिप कंपाइल करायच्या भानगडीत पडत नाही, आणि कोणत्या पॅकेजचं व्हील मिळत नाही ते नावानिशी सांगून थांबतं. हद्द थोडी सैल केल्यावर बहुतेक सुटतात. जी सुटत नाहीत ती सी लायब्ररीवर बसलेली असतात, त्यांच्याकडे वेगळं पाहायचं.

माझ्याकडे ते पॅकेज होतं पायआयसीयू. मराठी शब्द वर्णक्रमाने लावायचे तर ते लागतंच. पायथनचं साधं सॉर्ट युनिकोडच्या आकड्यांनी चालतं, त्यात ‘ळ’ हा ‘ल’च्या मागोमाग, ‘व’च्या आधी येतो, आणि आपल्या वर्णमालेत तो ‘ह’नंतर. ग्रंथसूचीत हे चालत नाही. पायआयसीयू इन्स्टॉल करताना आपल्याच मशीनवर कंपाइल होतं आणि तिथल्या आयसीयू लायब्ररीला चिकटतं. डेबियन ११ मध्ये तिचा नंबर ६७ होता, १२ मध्ये ७२. म्हणजे इथे पायथन बदललं नसतं तरी मॉड्यूल मोडलंच असतं. अशा पॅकेजसाठी माझं मत ठाम आहे: एप्टचं तयार पॅकेज वापरा. ‘पायथन३-आयसीयू’ एप्टने टाका आणि व्हेन्व बनवताना ‘सिस्टीम साइट पॅकेजेस’चा पर्याय द्या. पुढच्या अपग्रेडला एप्ट ते स्वतः नव्या पायथनसाठी आणतं. ज्यांना पिपनेच हवं त्यांनी आधी लिबआयसीयू-डेव्ह टाकावं. सायकोपीजी२ ला लिबपीक्यू-डेव्ह लागतं.

थेट डेबियन १३ वर गेला असाल तर आणखी एक प्रकार भेटेल. ‘डिस्टयुटिल्स’ किंवा ‘आयएमपी’ सापडत नाही असा एरर आला तर ती नावं पिपमध्ये शोधू नका. ती पायथनबरोबरच यायची आणि ३.१२ मध्ये काढली गेली, ‘सीजीआय’ ३.१३ मध्ये. जे पॅकेज ती मागतंय त्याचं नवं व्हर्जन घ्या. तुमच्याच कोडमध्ये असतील तर कोड बदला. डिस्टयुटिल्सपुरतं सेटअपटूल्स टाकून काही दिवस निभावतं.

सगळं करूनही पिप विचित्र वागत असेल तर ‘टाइप -ए पिप’ चालवा. पूर्वी कधी सुडोने टाकलेलं पिप यूएसआर-लोकल-बिनमध्ये बसलेलं असतं आणि तेच आधी सापडतं. ती फाइल काढा.

शेवटी ‘पिप चेक’, सर्व्हिस रीस्टार्ट, आणि नवी ‘पिप फ्रीझ’ची यादी गिटमध्ये. ‘जुना’ फोल्डर मी लगेच काढत नाही. काही मॉड्यूल्स फंक्शनच्या आत इम्पोर्ट केलेली असतात, त्यांची उणीव तो कोड चालेपर्यंत कळत नाही. ग्रंथसूचीचा मासिक अहवाल एक तारखेला पहाटे क्रॉनने निघतो. तो एकदा नीट निघाला की मगच मी ते फोल्डर डिलीट करतो.