घरी बांधलेल्या विमानात कार्ब हीट कशी बसवावी व वापरावी: विदर्भाच्या हवेचा विचार करून

कार्ब हीट म्हणजे कार्ब्युरेटरमधला बर्फ वितळवण्यासाठी त्याला गरम हवा देण्याची सोय. विदर्भात उन्हाळ्याचा पारा 45 अंशांपर्यंत जातो, त्यामुळे कार्ब्युरेटरमध्ये बर्फ जमणे ही थंड प्रदेशातली अडचण आहे असे येथे सहज वाटते. विमान बांधणाऱ्याने हा समज आधी दूर करावा, कारण हा बर्फ बाहेरच्या थंडीवर अवलंबून नसतो. व्हेंचुरीतून, म्हणजे कार्ब्युरेटरच्या अरुंद गळ्यातून, जाताना हवेचा दाब उतरतो, पेट्रोलची वाफ होताना ते भोवतालची उष्णता शोषून घेते, आणि या दोन्हींमुळे आतले तापमान 20 ते 30 अंशांनी, कधी त्याहूनही जास्त घसरते. आपला कूलरही वाफ करूनच हवा गार करतो. मात्र त्यात वाफ पाण्याची व्हायची असल्यामुळे तो मे महिन्यात उत्तम चालतो आणि जुलैच्या दमट हवेत निरुपयोगी ठरतो. कार्ब्युरेटरमध्ये वाफ पेट्रोलची होते व तिला दमट हवेची आडकाठी नसते, म्हणून तो जुलैतही गार होतो आणि गोठण्यासाठी पाणी त्याला मुबलक मिळते.

हे पाणी किती असते त्याचा हिशेब करून पाहावा. 25 अंश तापमान आणि 85 टक्के आर्द्रता असलेल्या एक घनमीटर हवेत सुमारे 20 ग्रॅम बाष्प असते. फोक्सवॅगनवरून तयार केलेले 2 लिटरचे इंजिन मिनिटाला 3200 फेऱ्यांवर, थ्रॉटल (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप) पूर्ण उघडा असताना, दर मिनिटाला अंदाजे अडीच घनमीटर हवा ओढते, म्हणजे तिच्याबरोबर जवळपास 50 ग्रॅम पाणी आत जाते. थ्रॉटल मिटत आणला की हवा कमी जाते खरी, पण झडपेपाशी उरलेली फट इतकी अरुंद असते की बर्फाचा पातळ थरही ती बुजवू शकतो. उतरताना धोका वाढतो तो यामुळेच.

मेच्या कोरड्या दुपारी हा धोका जवळजवळ नसतो. पावसाळ्यात तो मुख्यतः थ्रॉटल कमी असताना असतो. सर्वांत जपण्याचा काळ म्हणजे पावसाळा सरल्यापासून जानेवारीपर्यंतच्या सकाळी, विशेषतः भंडारा आणि गोंदिया जिल्ह्यांत, जेथे धानाच्या बांध्या, मालगुजारी तलाव आणि वैनगंगेचे खोरे यांमुळे 12 ते 18 अंशांची हवा दवाने भरलेली असते; अशा हवेत सरळ उड्डाणातही बर्फ धरतो. नागपूर विमानतळाच्या हवामान अहवालात तापमान आणि दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचे दव होऊ लागते ते) हे दोन्ही आकडे असतात. त्यांतले अंतर 10 अंशांपेक्षा कमी असेल, तर बर्फ धरेल असे गृहीत धरूनच निघावे.

इंधनाकडेही लक्ष द्यावे. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि इथेनॉलची वाफ होताना तेवढ्याच वजनाच्या पेट्रोलच्या दुपटीहून अधिक उष्णता शोषली जाते. शिवाय इथेनॉल पाणी धरून ठेवते. इंजिन बनवणाऱ्याने अशा इंधनाला स्पष्ट मान्यता दिलेली नसेल, तर ते टाकीत भरू नये.

गरम हवेसाठी एक्झॉस्ट पाइपभोवती पातळ स्टेनलेस पत्र्याचे आवरण करावे आणि त्यातून उष्णता सोसणारी लवचीक नळी एअरबॉक्सपर्यंत, म्हणजे कार्ब्युरेटरला हवा पोहोचवणाऱ्या पेटीपर्यंत, न्यावी. पाइपला स्प्रिंग गुंडाळल्यास हवेला उष्णता अधिक मिळते. तारेचा भुसा (स्टील वूल) मात्र कधीही भरू नये, कारण त्याचे तुकडे इंजिनात ओढले जातात. कार्ब हीट बंद असतानाही आवरणातून हवा वाहत राहून बाहेर पडली पाहिजे, नाहीतर पाइप अति तापून लवकर तडकतो. आवरण उघडता येईल असेच बांधावे, कारण आत पाइपला चीर गेली असेल तर ऐन गरजेच्या वेळी कार्ब्युरेटरला हवेऐवजी धूर मिळेल. एअरबॉक्समधल्या, गार आणि गरम हवेची अदलाबदल करणाऱ्या झडपेचे स्क्रू लॉकवायरने (ते सैल होऊ न देणाऱ्या तारेने) बांधावेत, आणि पॅनेलवरची कार्ब हीटची मूठ (ओढली की हीट चालू, ढकलली की बंद) तिच्या शेवटाला पोहोचण्याआधी झडप आपल्या टेकूला पूर्ण टेकते की नाही, हे डोळ्यांनी पाहावे.

एवढे झाल्यावर मोजणी करावी, आणि माझ्या मते ही पायरी कोणीही गाळू नये. कार्ब्युरेटरच्या तोंडाशी थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) बसवून सुमारे 75 टक्के शक्तीवर, उड्डाणात, हीट पूर्ण ओढून तापमान नोंदवावे. प्रमाणित विमानांतल्या व्हेंचुरी कार्ब्युरेटरच्या साध्या इंजिनांसाठी बाहेरच्या हवेपेक्षा 50 अंशांची वाढ ही अट असते, आणि आपणही तेच माप धरावे. जमिनीवरच्या मोजणीवर भिस्त ठेवू नये, कारण उड्डाणात वाहत्या हवेने पाइप आणि नळी दोन्ही निवतात.

उड्डाणापूर्वीच्या तपासणीत मूठ ओढल्यावर फेऱ्या थोड्या कमी झाल्याच पाहिजेत. झाल्या नाहीत तर झडप अडकली आहे किंवा नळी निसटली आहे. मूठ परत ढकलल्यावर फेऱ्या आधीपेक्षा वाढल्या, तर जमिनीवरच बर्फ धरला होता असे समजावे.

हवेत असताना ज्याच्या फिरत्या पंख्याच्या पात्यांचा कोन बदलता येत नाही अशा विमानात फेऱ्या हळूहळू उतरणे हे पहिले लक्षण असते. त्या क्षणी हीट पूर्ण ओढावी, अर्धवट नव्हे. यानंतरचा अर्धा मिनिट सर्वांत कठीण असतो: गरम हवेने मिश्रण दाट होते, वितळलेले पाणी सिलिंडरमध्ये जाते, इंजिन खडखडते, फेऱ्या आणखी पडतात आणि हात आपोआप मूठ परत ढकलायला जातो. तसे मुळीच करू नये. हे खडखडणे म्हणजे बर्फ सुटत असल्याची खूण असते, आणि तो सुटला की फेऱ्या वर येतात. उशीर मात्र महागात पडतो, कारण इंजिन थांबल्यावर पाइप झपाट्याने निवतो आणि त्याबरोबर उष्णतेचा एकमेव साठा संपतो. म्हणून उतरताना थ्रॉटल कमी करण्याच्या आधीच हीट ओढावी, लांब घसरणीत मधूनमधून थ्रॉटल उघडून पाइप तापता ठेवावा, आणि पुन्हा वर जायचे झाल्यास थ्रॉटल पूर्ण देऊन लगेच हीट बंद करावी, म्हणजे शक्ती पूर्ण मिळते. ही गरम हवा बहुतेक रचनांत फिल्टरमधून येत नाही, त्यामुळे मुरमाच्या धावपट्टीवर चाके टेकून वेग उतरला की धूळ आत जाण्याआधी मूठ परत ढकलावी.