फायबरची शिडाची होडी दुरुस्त करताना: नवशिक्यांसाठी

जुनी लेझर (एकट्याने चालवायची शर्यतीची शिडाची होडी) किंवा तशीच चौदा फुटी होडी स्वस्तात हाती आली, की लोक आधी रेझिन (घट्ट होणारी राळ) आणि मॅट (काचेच्या धाग्यांची चादर) आणतात. आधी आणायला हवा ग्राइंडर आणि चांगला मास्क. या कामाचा बहुतेक वेळ उकरण्यात, घासण्यात आणि वाळवण्यात जातो. मॅट चढवायला एक दुपार पुरते.

समुद्रातली होडी आधी गोड्या पाण्याने धुवा, मग स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा. धड जागी आवाज टणटणीत येतो, थर सुटलेत तिथे बद्द. बद्द आवाजाची हद्द पेन्सिलने आखा. दिसणाऱ्या भोकापेक्षा ती बहुधा मोठीच निघते. डेकवर, म्हणजे होडीच्या वरच्या पाटावर, पाय दबत असेल तर फिटिंगचा एखादा बोल्ट काढून बघा. भोकातून तपकिरी पाणी किंवा भुसा आला तर दोन थरांमध्ये भरलेलं हलकं बाल्सा लाकूड कुजलंय. तिथे वरून रेझिन टोचून भागत नाही. वरचा थर कापून लाकूड बदलावंच लागतं.

मुंबई-कोकणात होड्या पावसाळ्यात वर काढतात, म्हणजे सवड मिळते तेव्हाच हवा या कामाला सगळ्यात वाईट असते. ओलसर मॅट रेझिन नीट पीत नाही, थर पांढुरका राहतो. तेव्हा जून ते सप्टेंबर फिटिंग काढा, खराब भाग कापा, छपराखाली पंखा लावून वाळवा. मॅट पाऊस सरल्यावर.

आता तळाला दहा सेंटिमीटरचं भोक आहे आणि जाडी 4 मिलिमीटर आहे असं धरू. फाटके धागे कापून कडा गोल करा. मग बाहेरून सगळीकडे उतार घासा, जाडीच्या बारा पट, म्हणजे चहूबाजूंनी जवळजवळ 5 सेंटिमीटर. नवशिके इथेच कंजुषी करतात. जोडाची ताकद या उतारावर असते. तो आखूड ठेवला की ठिगळ पहिल्याच आपटीला कडेने सुटतं. आतून मेण लावलेला लवचीक प्लास्टिकचा पत्रा टेकवा. आत हात जात नसेल तर पत्र्याला तार बांधून तो वाकवून भोकातूनच आत सरकवा आणि बाहेरून ताणून धरा.

चौरस मीटरला 450 ग्रॅम वजनाच्या मॅटचा एक थर साधारण 1 मिलिमीटर भरतो, म्हणजे चार तुकडे लागतील. सगळ्यात मोठा तुकडा आधी, मग लहान होत जाणारे. मॅटच्या वजनाच्या दोन ते अडीच पट रेझिन लागतं. इथे वाया जाणारं धरून 200 ग्रॅम पुरे, तेही दोन वेळा कालवून. 100 ग्रॅमला दीड ग्रॅम हार्डनर (रेझिन घट्ट करणारं रसायन), सुईच्या सिरिंजने मोजून. उन्हात डबा दहा-पंधरा मिनिटांत तापून घट्ट होतो, म्हणून सावलीत काम करा. प्रत्येक थरावर रोलर फिरवून हवा काढा. कोबाल्ट (घट्ट होण्याचा वेग वाढवणारं रसायन) वेगळा मिळत असेल तर तो आधी रेझिनमध्ये पूर्ण मिसळा, हार्डनर नंतर. ही दोन सरळ एकत्र आली तर भडका उडतो, स्फोटही होतो.

रेझिन दोन जातीचं मिळतं, पॉलिस्टर आणि इपॉक्सी; वरचं प्रमाण पॉलिस्टरचं आहे. पॉलिस्टरच्या होडीवर इपॉक्सी चांगली धरते, पण इपॉक्सीवर पॉलिस्टर भरवशाचं चिकटत नाही. वर जेलकोट (बाहेरचा रंगीत, चकचकीत थर) द्यायचा असेल तर सगळं काम पॉलिस्टरमध्येच करा, शक्यतो आयसो रेझिन (पाण्याला जास्त टिकणारं पॉलिस्टर) घेऊन. इपॉक्सी वापरणार असाल तर साधी मॅट नको, विणलेलं कापड घ्या. मॅटचे धागे धरून ठेवणारा गोंद पॉलिस्टरमधल्या स्टायरीन या द्रावकाने विरघळतो, इपॉक्सीत स्टायरीन नसतं.

जेलकोटचा पृष्ठभाग उघड्या हवेत चिकट राहतो. शेवटच्या हाताला मेणाचं द्रावण मिसळा किंवा वर प्लास्टिकची फिल्म ताणून लावा. मग 400, 800, 1200 नंबरचा पॉलिश पेपर, पाणी घालून.

मासेमारीच्या फायबर होड्या बांधणाऱ्या कारागिरांकडे हे काम शिकायला मिळतं आणि त्यांचा रोलरवरचा हात बघण्यासारखा असतो. मात्र त्यांची सवय जाड थर देण्याची. लेझरचा रिकामा सांगाडा जेमतेम साठ किलोचा असतो. त्यावर चार-पाच किलो वाढले तर शर्यतीत ते जाणवतात.

पाण्यात घालण्याआधी गळती तपासा. पाणी काढायच्या भोकाचं बूच काढून तिथे नळीने तोंडाने हलकी हवा भरा आणि सगळ्या जोडांवर साबणाचं पाणी लावा. बुडबुडे येतील तिथे गळतंय. कॉम्प्रेसर लावू नका, डेक आणि तळाचा जोडच उघडेल.