शहरातला कार्बन डायऑक्साइड मोजताय? या चुका टाळा

दर हिवाळ्यात कुणी ना कुणी आलेख घेऊन येतंच. “सर, सकाळी सातला सीओटू केवढा चढतो बघा. ट्रॅफिक!” सेन्सर गॅलरीत लावून आठवडाही झालेला नसतो, पण गुन्हेगार सापडलेला असतो.

बाबांनो, तो चढ रविवारीही येतो. रात्री जमीन गार होते, तिच्यालगतची हवा थंड होऊन तळाशी बसते आणि वरच्या हवेत मिसळत नाही. त्या उथळ थरात झाडामातीचा श्वास, शेकोट्या, बेकऱ्यांच्या भट्ट्या, गाड्यांचा धूर, सगळंच साचत जातं. ऊन तापलं की थर उंच होतो आणि आकडा उतरतो, मग रस्त्यावर गाड्या कितीही असोत. म्हणून दोन ठिकाणांची तुलना करायची तर मी दुपारी दोन ते चारच्याच नोंदी धरतो आणि रविवार वेगळा काढतो. एवढं करूनही फरक टिकला, तर खुशाल रहदारीवर बोट ठेवा.

एमक्यू-१३५ हा स्वस्त सेन्सर सीओटू मोजत नाही. दुकानदार काहीही म्हणो.

आता माझी लाडकी चूक. एका कॉलेजच्या मुलांनी चांगला इन्फ्रारेड सेन्सर घेतला, स्वारगेटला लावला आणि मग सिंहगडावर नेला. खाली ४२५ पीपीएम (हवेच्या दहा लाख रेणूंमागे सीओटूचे ४२५), गडावर ३६५. लगेच पोस्टर: शहरात ६० पीपीएम जादा! अरे, ३६५ हा आकडा हवाईच्या मौना लोआ वेधशाळेत १९९०च्या दशकाच्या अखेरीस दिसायचा. आज जगाची सरासरीच ४२० च्या पुढे आहे. गडावर जुनी हवा जपून ठेवलीय का?

गोम दाबात होती. हे सेन्सर प्रकाशाच्या वाटेत किती रेणू आले तेवढंच बघतात. उंचावर हवा विरळ, म्हणून रेणू कमी, म्हणून आकडा कमी. पुण्यात दाब साधारण ९५० हेक्टोपास्कल, गडावर ८७० च्या आसपास. नोंदीला १०१३ ने, म्हणजे समुद्रसपाटीच्या सरासरी दाबाने, गुणून तिथल्या दाबाने भागलं, तर स्वारगेट ४५३ आणि गड ४२५. साठातले निम्म्याहून जास्त पीपीएम निव्वळ उंचीचे निघाले. पोस्टर मात्र छापून झालं होतं.

यातही एक खाच आहे. मोबाइलवरच्या हवामान ॲपमधला दाब समुद्रसपाटीला उतरवलेला असतो, तो इथे चालत नाही. मी सेन्सरशेजारी बीएमपी२८० ही दाब मोजणारी चिप लावतो. शंभर-दोनशे रुपयांसाठी कंजुषी कशाला?

डबा उघडून तोंड जवळ नेऊ नका. आपल्या उच्छ्वासात चाळीस हजार पीपीएमच्या आसपास सीओटू असतो. आणि आपोआप कॅलिब्रेशन, म्हणजे सेन्सरने स्वतःच आकडा जुळवून घेणं, बंद करा. ठरावीक दिवसांतली सर्वांत कमी नोंद म्हणजे ताजी हवा, असं ते गृहीत धरतं. गजबजलेल्या चौकात ती वेळ येतच नाही, आणि सेन्सर हळूहळू खोटं बोलायला शिकतो.

राहता राहिला सगळ्यांच्या घाईचा प्रश्न: हा सीओटू कुणाचा? नुसत्या सीओटूवरून ते कळत नाही. खरा निवाडा कार्बन-१४ हा कार्बनचा किरणोत्सर्गी प्रकार करतो. त्याचं अर्धायुष्य ५,७३० वर्षं, त्यामुळे कोट्यवधी वर्षं जुन्या पेट्रोल-कोळशात तो उरलेलाच नसतो, पण लाकूड, गोवऱ्या, उसाचं पाचट यांत असतो. अमेरिकेत इंडियानापोलिसला मनोऱ्यांवरून हवेचे नमुने भरून अशीच फोड केली गेली. ती तपासणी महाग, घरी होण्यातली नव्हे. आपल्या आवाक्यातला उपाय म्हणजे शेजारी कार्बन मोनॉक्साइडचा चांगला सेन्सर. सीओटू वाढताना मोनॉक्साइडही जोरात वाढला, तर गाड्या किंवा पेटवलेला कचरा यांचा संशय घ्यावा. मोनॉक्साइड जवळपास हललाच नाही, तर आधी वर बघा, जवळ झाडी आहे का ते. आणि वारा कुठून येतोय तेही वहीत लिहा. ते कुणीच लिहीत नाही.