ईएक्सई फायली वेगळ्या फोल्डरमध्ये कशा टाकायच्या

सांगलीत विश्रामबागला माझ्याकडे सी प्लस प्लस शिकायला येणारी पोरं मिरज-तासगावकडची. घरी लिहिलेला कोड पेनड्राइव्हवर आणतात आणि फोल्डर उघडावं तर निम्म्या फायली ईएक्सई, म्हणजे कोडपासून तयार झालेले चालते प्रोग्रॅम. वर क्लासचा अँटीव्हायरस बाहेरचं ईएक्सई दिसलं की खेकसतो. म्हणून माझ्याकडे नियम एकच: कोड त्याच्या जागी, ईएक्सई ‘बिल्ड’मध्ये.

व्हीएस कोड या एडिटरमधून जीसीसीने (कोडचं ईएक्सई करणारा कंपायलर) एकदा प्रोग्रॅम बिल्ड केला की ‘डॉट व्हीएसकोड’ फोल्डरमध्ये टास्क्स डॉट जेसन तयार होते. ती उघडा. ‘आर्ग्ज’मध्ये, म्हणजे कंपायलरला द्यायच्या सूचनांच्या यादीत, ‘डॅश ओ’ शोधा. त्याच्या खालची ओळ म्हणजे तयार फाइलचा पत्ता. तिथं ‘फाइलडिरनेम’ असतं, म्हणजे कोडशेजारीच ईएक्सई. त्याऐवजी ‘वर्कस्पेसफोल्डर’ (व्हीएस कोडमध्ये उघडलेलं मुख्य फोल्डर) लिहा आणि पुढं बिल्ड जोडा. डॉलर, महिरपी कंस, शेवटचं फाइलचं नाव, यांना हात लावू नका. विंडोजवर उलटी तिरकी रेघ दोनदा द्यायची. एकच दिलीत तर जेसन तिला ‘बिल्ड’च्या बीशी जोडून बॅकस्पेस समजतं आणि पत्ता बिघडतो. सरळ रेघ दिली तरी चालते. मी तीच देतो.

बिल्ड फोल्डर मात्र आधी हाताने करून ठेवा. जीसीसी ते करून देत नाही, ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’ म्हणून मोकळं होतं.

आता खरी गोम. लाँच डॉट जेसन (चुका शोधायच्या साधनाने, म्हणजे डीबगरने, कोणतं ईएक्सई चालवायचं ते सांगणारी फाइल) केलेली असेल, तर तिच्यातला ‘प्रोग्रॅम’चा पत्ताही बदलायला हवा. तो जुनाच राहिला तर नवीन ईएक्सई बिल्डमध्ये पडतं आणि डीबगर चालवतो कोडशेजारचं जुनं. मग “सर, बदल केला तरी आउटपुट तेच येतंय!” असं पोरगं तासभर कोडवर डोकं आपटतं. तेव्हा जुनी ईएक्सई आधी पुसून टाका. पत्ता चुकला असेल तर निदान एरर तरी येईल.

प्रत्येक प्रॅक्टिकलच्या फाइलला ‘मेन’ नाव द्यायची सवय असेल तर सगळ्या एकाच बिल्डमध्ये एकमेकींवर चढतील. अशी सवय असणाऱ्यांनी फाइलडिरनेम तसंच ठेवून त्याच्यापुढं बिल्ड लावावं, आणि प्रत्येक प्रॅक्टिकलमध्ये ते फोल्डर करावं.

गिट (कोडमधले बदल नोंदवून ठेवणारं साधन) वापरणाऱ्यांनी डॉट-गिटइग्नोर या वगळायच्या फायलींच्या यादीत बिल्डची एक ओळ टाकायची. जावावाल्यांचं काम सोपं: मेव्हन-ग्रेडल ही बिल्डची साधनं वापरत नसाल तर वर्कस्पेसच्या सेटिंग्ज डॉट जेसनमध्ये ‘जावा डॉट प्रोजेक्ट डॉट आउटपुटपाथ’ला ‘बिन’ द्या, क्लास फायली तिकडं जातात.