मदरबोर्डची बारीक शिट्टी: आधी जागा शोधा, मग स्क्रू सोडवा

रात्री खोलीतला पंखा बंद केला की कॅबिनेटमधून डास कानाशी गुणगुणावा तसा बारीक आवाज येतो. माउसचं चाक फिरवलं की सूर बदलतो, जड फाइल उघडली की वर चढतो. कामाबरोबर बदलणारा हा आवाज बहुतेक वेळा कॉइलचा असतो.

प्रोसेसरच्या सॉकेटभोवती ओळीने बसवलेले राखाडी चौकोनी ठोकळे म्हणजे चोक, आत तार गुंडाळलेल्या कॉइल. एसएमपीएसकडून, म्हणजे कॅबिनेटमधल्या वीजपुरवठ्याच्या डब्याकडून, आलेले १२ व्होल्ट प्रोसेसरसाठी साधारण १ व्होल्टवर उतरवताना तिथली वीज सेकंदाला काही लाख वेळा तोडली-जोडली जाते. तो वेग कानाच्या पलीकडचा. पण प्रोसेसर रिकामा असला की क्षणात झोपतो, क्षणात जागा होतो. भाराची ही उघडझाप २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झच्या पट्ट्यात आली की चोकमधली तार आणि गाभा थरथरतात, आणि ते ऐकू येतं. यामुळे बोर्ड जळत नाही, की त्याचं आयुष्य कमी होत नाही. म्हणून घाईने नवा बोर्ड घेऊ नका.

जागा शोधायला जाड कागदाची हातभर नळी करा. कॅबिनेटचं बाजूचं झाकण काढा, एक टोक कानाला लावा आणि दुसरं चोक, ग्राफिक्स कार्ड, एसएमपीएस यांच्यावर आळीपाळीने धरा. काहीही न चिकटवता, बोर्डाला न टेकवता. दोन-तीन इंच सरकलं तरी फरक स्पष्ट कळतो. आवाज सतत एकसारखा असेल तर संशय पंख्यावर घ्या: प्लॅस्टिकच्या स्ट्रॉने पंख्याचा मधला भाग क्षणभर हलकेच दाबून थांबवा. गोव्यात किनाऱ्याजवळच्या घरांत, कळंगुट किंवा मोरजीकडे, खारट दमट हवेने बेअरिंग लवकर कुरकुरतात आणि दोष बोर्डाला मिळतो. एसएमपीएसच्या पंख्याला मात्र हात लावू नका, तो डबा उघडूही नका. आतल्या कॅपॅसिटरमध्ये बंद केल्यावरही ३०० व्होल्टच्या वर वीज राहू शकते.

गेमच्या मेनूतच शिट्टी वाजत असेल तर ती ग्राफिक्स कार्डाची. चित्रं सेकंदाला हजाराच्या घरात काढली जात असतात. फ्रेमची मर्यादा ६० वर आणली की ती बहुधा बसते. संगणक बंद असूनही आवाज येत असेल तर तो स्टँडबाय वीज देणाऱ्या भागाचा. बायोसमध्ये, म्हणजे संगणक सुरू होताना उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये, ईआरपी ही स्टँडबाय वीज वाचवणारी सोय चालू करून पाहा.

आवाज हवेत नसून फक्त हेडफोनमध्ये असेल, तर प्रकरणच वेगळं. हेडफोन मागच्या जॅकला लावा, स्पीकर संगणकाच्याच स्पाइक गार्डवर घ्या. कॅबिनेटच्या पत्र्याला बोट लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग तुटलेलं समजा. वायरमनकडून मोजून घ्या: फेज-न्यूट्रल सुमारे २३० व्होल्ट, फेज-अर्थ जवळजवळ तेवढंच, न्यूट्रल-अर्थ २-३ व्होल्टच्या आत. गोव्यातली चिऱ्याची जमीन एप्रिल-मेमध्ये सुकते आणि अर्थिंगचा खड्डा कामाचा राहत नाही. त्यात पाणी ओतत राहणं हा जुना, खरा उपाय. पण अर्थिंग सुधारून चोकची शिट्टी थांबेल ही अपेक्षा ठेवू नका.

लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवरच गुणगुण वाढते? मग एसएमपीएसकडे बघा. चौकोनी लाटेच्या इन्व्हर्टरवर ते कुरकुरतात, शुद्ध साइन लाटेच्या यूपीएसवर गप्प होतात.

बोर्डचाच आवाज ठरला की बायोसमध्ये सी-स्टेट्स, म्हणजे प्रोसेसरच्या झोपेच्या पातळ्या, बंद करा. शिट्टी गेली तर निदान पक्कं. मग ते पुन्हा चालू करून फक्त खोल झोपेची मर्यादा, म्हणजे पॅकेज सी-स्टेट लिमिट, कमी खोल पातळीवर आणा. सगळं कायम बंद ठेवलं तर वीज आणि उष्णता दोन्ही वाढतात.

चोकला डिंक लावणं हा शेवटचा मार्ग, आणि त्याने वॉरंटी जाते. उघड्या तारेच्या गोल चोकवर तो चांगला चालतो, बंद ठोकळ्यांवर फारसा नाही. प्लग काढा, पॉवर बटण १० सेकंद दाबा, बोर्ड बाहेर काढा, ९९ टक्क्यांच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने चोकच्या कडा पुसा. मग सुईच्या टोकाने चोक आणि बोर्ड यांच्या फटीत न्यूट्रल सिलिकॉन भरा. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन कधीच नको, त्यातलं आम्ल तांबं खातं. न्यूट्रल सिलिकॉन हवेतल्या ओलाव्याने घट्ट होतं, म्हणून आपल्या पावसाळ्यातही ते बसतं. इपॉक्सीवर मात्र त्या हवेत चिकट थर उरू शकतो. ती वापरायचीच तर एसीच्या खोलीत किंवा पाऊस सरल्यावर. दोन्हींना २४ तास द्या. मॉसफेटच्या, म्हणजे वीज तोडणाऱ्या-जोडणाऱ्या चिपांच्या, हीटसिंकवर (उष्णता घालवणाऱ्या धातूच्या पट्टीवर) एक थेंबही जाऊ देऊ नका, आणि जोडण्याआधी सॉकेटमध्ये सिलिकॉनचा धागा अडकलेला नाही ना, टॉर्च मारून बघा.