जर्मनीत माझ्या बी.ई.ची किंमत कशी वसूल झाली

2022 मध्ये नवऱ्याच्या नोकरीमुळे श्टुटगार्टला आले. हाताशी पुण्याची मेकॅनिकलची डिग्री, 70 टक्के, चाकणचा सहा वर्षांचा अनुभव. चाळीस अर्ज केले, उत्तरं फक्त नकाराची.

पहिला गोंधळ गुणांचा. इथे 1 म्हणजे सर्वोत्तम, 4 म्हणजे काठावर पास. माझे टक्के बघून कुणाला काही बोध होईना. मग बव्हेरियन सूत्र सापडलं: कमाल गुणांतून आपले वजा करा, त्याला कमाल आणि उत्तीर्ण गुणांतल्या फरकाने भागा, तिनाने गुणा, एक मिळवा. 100, 70 आणि 40 घातले, आले 2.5. आमच्याकडचं डिस्टिंक्शन इथे मधलं निघालं! वाईट वाटलं, पण निदान कळण्यासारखा आकडा मिळाला.

मग अनाबिन या सरकारी डेटाबेसवर विद्यापीठ शोधलं. शेरा ‘एच प्लस’, म्हणजे मान्यताप्राप्त. परदेशी पदव्या तपासणाऱ्या बॉनच्या सरकारी कार्यालयाकडून 200 युरो भरून पदवीचं तुलनापत्रही घेतलं. ते यायला तीन महिने लागले.

खरी गोम मात्र अनुभवपत्रात होती. आपलं पत्र दोन ओळींचं: या तारखेला लागली, त्या तारखेला सोडलं. इथे कामाचं सविस्तर वर्णन आणि कामगिरीचा शेरा लागतो. जुन्या साहेबांना फोन केला. ते म्हणाले, “मसुदा तूच पाठव, मी सही करतो.” दीड पानाचं पत्र झालं.

पुढच्या सहा अर्जांत दोन मुलाखती आल्या. दुसरीत माझ्या डिग्रीबद्दल कुणी विचारलंही नाही, सगळे प्रश्न त्या दीड पानावरचे होते.